दचकलेले सील मोजणारी करुणा

करुणाच्या मोठ्या भावाचा, मनोजदादाचा, फोन आला तेव्हा मी पवनीच्या कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. "सुनीता, करुणा राह्यली नाही वं. तिकडंच... झोपेतच," एवढंच तो बोलला. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की इथंही ती माझ्या पुढं निघाली.

धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावातल्या आम्ही दोघी. आमचं घर मासेमारी करणाऱ्या ढिवरांचं, तिचं बौद्धांचं. नव्या वस्तीत घरं समोरासमोर आली आणि आसगावच्या शाळेत बाक एक झाला. गणितात ती माझ्यामागं असायची, पण धीटपणात कुठल्या कुठं पुढं. बारावीनंतर बाबा मला घरी बसवणार होते, तेव्हा ती त्यांच्या पुढ्यात येऊन बसली. "काका, हिले धाडत नसान त मी बी नाही जात." बाबा हसले, आणि आमच्या घरात पहिली पदवी आली. ते उपकार मी विसरलेली नाही. पण ज्याचे उपकार असतात त्याचाच हेवा जास्त वाटतो, हेही मला तेव्हापासून ठाऊक आहे. ती परदेशात सीलवर संशोधन करायला गेली. मिशाळ, कुत्र्याच्या तोंडाचे, वल्ह्यासारख्या पायांचे ते समुद्रातले प्राणी मी तिच्या फोटोंतच पाहिले. मी समुद्रही पाहिलेला नाही.

शेवटची आली तेव्हा आमच्या अंगणात माय मासे साफ करत होती. करुणा शेजारी बसली आणि तिच्या सरकारी परवानगीचं सांगू लागली.

"तिकडं पाहाची बी परवानगी लागते, काकू. किती सीलच्या जवळ जाणार, काहून जाणार, सारं आधी लिहून द्या लागते. आन आपल्याले पाहून एखादा दचकला, पाण्यात पळाला, त थो बी मोजा लागते. ठरल्यापरीस जास्त दचकले का काम बंद."

मायचा हात थांबला. "नुसता दचकला तरी?"

"नुसता दचकला तरी."

"बाप्पा! गाव सोडतानी आमी लेकरायसंगट रडलो, थे कोनं मोजलं?"

करुणानं एक मासा आपल्याकडं ओढला. मग म्हणाली, "म्हनूनच त मले थे काम आवडते."

मला त्या सीलांचा हेवा वाटला. मग जेवताना मायनं माशाचा मोठा तुकडा करुणाच्या ताटात वाढला आणि हेवा पुन्हा आपल्या जुन्या जागी आला. चाळिशीची बाई मी, पण तो तुकडा मला खुपला.

निघताना ती म्हणाली, "पुढच्या अर्जात तुहं नाव टाकतो. मदतनीस म्हनून. ये उन्हाळ्यात."

"मी काय करू तिथं? मासे साफ?"

"मोजजो. गणित तुहंच चांगलं हाय."

मी पासपोर्ट काढला. कॉलेजात रजेचं बोलून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मागं नाही, शेजारी उभं राहायला मिळणार होतं...

परवा मनोजदादाला तिच्या तिकडच्या सहकाऱ्याचा फोन आला. परवानगी करुणाच्या नावानं होती, ती तिच्याबरोबरच थांबली. दुसऱ्या कुणाला नवी मिळेपर्यंत त्या किनाऱ्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. सध्या पिल्लांचा हंगाम आहे.

मी तिच्यासारखी गेले तर कॉलेजात माझा तास एक दिवस रिकामा राहील, दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो घेईल. तिच्यासाठी अख्खा किनारा रिकामा ठेवलाय. सील वाळूत पडले असतील, पिल्लं होत असतील, आणि मान वर करून बघावं असं तिथं कुणी येत नसेल. मला याचाही हेवा वाटतो, करुणा. तुझ्या त्या वाळूवर आता कुणालाच जाता येत नाही... मलाही नाही.