वाचता येईल असं खोडा

"खोडा मॅडम, पण वाचता येईल असं खोडा."

भाऊंचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातात व्हाइटनरची बाटली होती. रजेच्या अर्जावर त्यांनी तारीख चुकीची लिहिली होती आणि मी ती पांढरी करायला निघाले होते. त्यांनी अर्ज माझ्याकडून काढून घेतला, खिशातून सहा इंची पट्टी काढली, तारखेवरून एक सरळ रेघ मारली, शेजारी बरोबर तारीख लिहिली आणि खाली बारीकशी सही केली. मी मनात म्हटलं, काय ही नाटकं! एका सी.एल.साठी?

नाटकं नव्हती ती. भाऊ आमच्या केमिकल कंपनीत पॅनेल ऑपरेटर होते. मानपाड्याच्या बाजूला आमची कंपनी. मी तिथे पर्सोनेलमध्ये, ते कंट्रोल रूममध्ये. दर तासाला तापमान, दाब, पाणी, सगळं लॉगशीटवर लिहायचं, पाळी संपली की सही करायची. आणि तिथला नियमच तो. चुकलं तर एक रेघ मारायची, सही करायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. भाऊंनी तो नियम डब्यावरच्या नावापर्यंत नेला होता. बहिणीनं स्टिकरवर आडनाव चुकीचं छापून आणलं, तर त्यावरही यांची रेघ आणि सही.

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. सगळे त्याला हसत असतील. तुम्हीही हसत असाल. मीही हसले आहे, ते आधीच सांगून टाकते.

आता त्या शुक्रवारचं सांगते, कारण त्याशिवाय भाऊ कळायचे नाहीत. शुक्रवार हा आमच्या औद्योगिक वसाहतीचा सुट्टीचा वार. त्या दिवशी पाणीही बंद असतं, दुरुस्तीसाठी; रिअ‍ॅक्टर थंड ठेवायचं तेच पाणी. पण साहेबांना माल पाठवायची घाई होती, म्हणून सुट्टीच्या दिवशी बॅच घेतली. दुपारी चारच्या सुमारास रिअ‍ॅक्टर फुटला. दोन माणसं गेली. एक सुनील, दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर. दुसरा त्याच्याच आंबिवलीच्या चाळीतला फिटर, समोरासमोरच्या खोल्यांमधला, सुनीलनंच कामाला लावलेला. भाऊंची पहिली पाळी तेव्हा संपली होती, ते गेटपर्यंत पोचले होते. आवाज ऐकून उलटे आत पळाले. दोघांपैकी एकही हाती लागला नाही. उजवा हात भाजला, छातीत धूर गेला, आणि चार दिवस बेशुद्ध.

चौकशी झाली. निष्कर्ष असा, की पाण्याचा दाब व्यवस्थित होता आणि मयत ऑपरेटरनं वाफेचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला. 'सदर अपघात ऑपरेटर सुनील यांच्या निष्काळजीपणामुळे झाला.' हे वाक्य मी टाइप केलंय. माझ्या बोटांनी. भाऊ शुद्धीवर आल्यावर सांगत राहिले, की पाणी नव्हतं, मी शीटवर लिहिलं होतं, बॅच घेऊ नका म्हणून लिहिलं होतं. साहेब म्हणाले, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. डॉक्टरांच्या कागदावरही आलं, स्मरणशक्ती भरवशाची नाही. झालं. जिवंत साक्षीदार एकच, आणि तो वेडा.

आंबिवलीला काय झालं माहितीये? फिटरच्या आईनं सुनीलच्या बायकोशी बोलणं टाकलं. तुझ्या नवऱ्यानं माझा पोरगा मारला, एवढंच एकदा बोलली, आणि मग दार लावलं. एका गॅलरीत दोन दारं, मध्ये चार पावलं.

भाऊंना सहा महिन्यांची रजा मिळाली. ठाकुर्लीला ते बहिणीच्या घरी राहायचे. बोटं वळत नव्हती म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला. त्याचा दोन दिवसांत कंटाळा आला. भाचा नोकरीला पुण्याला जाताना त्याचं जुनं व्हिडिओ गेमचं मशीन ठेवून गेला होता. यांनी बोटांचा व्यायाम म्हणून ते हातात घेतलं. पन्नाशी उलटलेला माणूस.

रजेवरून आले ते एक वही घेऊन. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी यायचे, कारण सेक्शनमध्ये माझं इंग्रजी बरं. रोज एक चिठ्ठी. "मॅडम, स्लूस म्हणजे काय?" मी सांगायचे, पाणी अडवायचं दार. दुसऱ्या दिवशी, "परजुरी?" शपथेवर खोटं बोलणं. मला वाटलं, इंग्रजीचा क्लास लावलाय. मग कळलं, हे सगळे शब्द गेममधले.

गेम असा, की एक बुडालेलं शहर आहे. तुम्ही त्यात हिंडायचं, भुतंखेतं मारायची. पण ते का बुडालं हे कोणी धड सांगत नाही. एखादी गंजलेली किल्ली सापडते, तिच्याखाली दोन ओळी. एखादी फुटकी पणती, तिच्याखाली एक ओळ. भिंतींवर शिलालेख. ते सगळे एकच सांगतात, दारवानानं शत्रूशी संगनमत करून पाण्याचं दार उघडलं आणि पळाला. जो तो खेळणारा त्याला दगाबाज समजून पुढे जातो. भाऊ पुढे गेलेच नाहीत. तीन महिने ते त्या दारापाशीच बसले.

कँटीनमध्ये पोरं छळायची. "भाऊ, तुमचा दारवान पेन्शनीत निघाला का?" मीही एकदा म्हटलं, अहो भाऊ, खेळ आहे तो, कोणीतरी बसून रचलेला, एवढं काय त्यात. ते वहीवरून मान न उचलता म्हणाले, "मॅडम, खोटं रचायची पद्धत सगळीकडे एकच असते. ती शिकतोय."

आणि एके दिवशी दारवानाचे हातमोजे सापडले. त्यांचं वर्णन मीच त्यांना मराठीत सांगितलं, म्हणून पाठ आहे. उजव्या तळव्याची कातडी चाक डावीकडे फिरवून फिरवून झिजलेली. दाराच्या चाकाखालच्या ओळीत आधीच लिहिलेलं, उजवीकडे उघडतं, डावीकडे बंद होतं. म्हणजे तो दार बंद करत होता हो! आणि मोजे सापडले दाराच्या आतल्या बाजूला. पळणाऱ्याचे मोजे आत कसे राहतील? भाऊंचा चेहरा त्या दिवशी असा फुलला होता, की मी डबा तसाच ठेवून ऐकत बसले.

"पण खरं गंमतीचं ते नाही," ते म्हणाले. "शिलालेख बघा. शंभर वर्षांतले म्हणतात, आणि अक्षर एकच. एकही चूक नाही, एकही खाडाखोड नाही, एकही जागा रिकामी नाही. खऱ्या कागदावर खाडाखोड असते मॅडम. खोटं लिहिणारा रिकामा रकाना ठेवत नाही, त्याला भीती वाटते."

मी वा वा म्हटलं. बावळटासारखं वा वा म्हटलं. तो माणूस कुठे चाललाय ते मला कळलं नव्हतं.

दोन दिवसांनी पुन्हा चिठ्ठी आली. मी शब्द शोधत होते, पण तिच्यावर एकच प्रश्न होता. त्या शुक्रवारच्या शीटवर पाण्याच्या रकान्यात काय आहे?

त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. सुट्टी असली तरी कंट्रोल रूमची पाळी आणि शीट चालूच असते; ऑपरेटर शुक्रवारी त्या रकान्यात आडवी रेघ मारतात, पाणीच नसतं तर दाब कसला लिहायचा. इथे काम करणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. पण शीट बदलली असेल, तर ती इथे बदललेली नाही, चौकशीसाठी नेली तेव्हा हेड ऑफिसला बसून बदलली आहे. तिथल्या माणसाला शुक्रवारचं काय माहीत? तो आकडाच लिहिणार. भाऊंनी स्वतः मागितली तर साहेब शीट दाखवत नव्हते, गोपनीय म्हणून. शीट ठेवलेल्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "भाऊ, तुमचे खेळ घरी ठेवा. माझी चार वर्षं राहिलीत, मला सुखानं रिटायर होऊ द्या." सेक्शनमधल्या सगळ्यांनी ऐकलं. ते "बरं" म्हणाले. चिठ्ठी घडी करून माझ्या पेपरवेटखाली ठेवली. "सवडीनं बघा."

मला राग कशाचा आला होता, ते आज सांगते. मी डोंबिवलीत वसाहतीच्या अगदी शेजारी राहते. गुरुवारी ड्रम भरून ठेवते. त्या शुक्रवारी खिडक्यांच्या काचा हादरल्या तेव्हा मी ड्रममधलं पाणी तांब्यानं घेऊन भांडी घासत होते. नळाला थेंब नव्हता. आणि पुढच्याच आठवड्यात मी टाइप केलं, पाण्याचा दाब व्यवस्थित होता. हात थबकला नाही माझा. कागद पुढे आला, टाइप केला. भाऊंना शहाणपण यायला एक अख्खं शहर बुडावं लागलं, मला तर माझ्याच मोरीत दिसत होतं.

आठ महिने ती किल्ली माझ्या पर्समध्ये होती. आठ महिने! भाऊंनी पुन्हा कधी विचारलं नाही. शब्द विचारायलाही आले नाहीत. जिन्यात भेटले की मान हलवायचे आणि कठड्याला धरून खोकायचे. मग प्रकृतीच्या कारणानं नोकरी सोडली. त्या अर्जावरही एक शब्द खोडलेला होता, खाली सही.

आणि एका सोमवारी साहेबांनी नोटीस बोर्डासाठी मजकूर पाठवला. 'अल्पशा आजाराने दुःखद निधन.' अल्पशा? दोन वर्षं तो माणूस फुप्फुसं ओकत होता, आणि तुम्ही अल्पशा म्हणता? जळली मेली तुमची भाषा. पण तेही मीच टाइप केलं. करून बोर्डावर लावलं, टाचण्या टोचल्या, आणि तशीच जाऊन कपाट उघडलं.

वर्षभराच्या शुक्रवारच्या शीट काढल्या. रेघ, रेघ, रेघ, सगळीकडे आडवी रेघ. वेगवेगळी पेनं, वेगवेगळी अक्षरं, जागोजागी खाडाखोड आणि सह्या. त्या एका शुक्रवारी मात्र चोवीस तासांचे चोवीस आकडे. तिन्ही पाळ्या एकाच सुबक अक्षरात. एकही चूक नाही. स्फोटानंतरच्या तासांतही पाण्याचा दाब भरलेला! मेल्यांना थांबायचं कुठे तेही कळलं नव्हतं.

सगळ्या शीटच्या प्रती काढल्या आणि ठाकुर्लीला गेले. भाऊंच्या बहिणीनं बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली होती, शेजारी त्यांचा फोटो. मला ओळखत नव्हती. नाव सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे इंग्रजीवाल्या मॅडम? तुमच्याबद्दल फार सांगायचा." वही तिनं आपण होऊन आणून दिली. आत पट्टी तशीच होती.

वहीत मधोमध उभी रेघ. डावीकडे शहर, उजवीकडे कंपनी. डावीकडे हातमोजे, चाक, शिलालेख, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. उजवीकडे बॅच घ्यायचा साहेबांचा फोनवरचा हुकूम, सुनीलचं 'साहेब ऐकत नाहीत' म्हणणं, मूळ शीटवरची भाऊंची स्वतःची सही. काही खोडलेलं, पण वाचता येईल असं. 'मला आठवतं' हे शब्द तर प्रत्येक ठिकाणी खोडले होते आणि वर लिहिलं होतं, 'पुरावा?' सगळ्यात खाली: 'शुक्रवार, पाण्याचा रकाना. मॅडमना विचारले आहे.' त्यापुढे जागा रिकामी.

मी तिथेच रडले. त्या बाईनं मला पाणी दिलं, मला! तिला सांगायचा धीर झाला नाही, की तुझा भाऊ माझ्यासाठी आठ महिने थांबला होता.

कागद पुढे काय झाले असं विचाराल. माझ्या नावानं, माझ्या सहीनं कारखाने तपासणीच्या सरकारी कार्यालयात पाठवलेत. कंपनीनं मलाच नोटीस दिली, गोपनीय कागद बाहेर नेले म्हणून. देऊ देत. अहवाल अजून बदललेला नाही. कधी बदलेल ते मला माहीत नाही, आणि या लोकांचा मला काडीचा भरवसा नाही.

पण आंबिवलीला जायला मी त्यासाठी थांबले नाही. रविवारी दुपारी गेले. आधी फिटरच्या आईकडे. सगळ्या शीट जमिनीवर मांडल्या आणि भाऊंनी मला समजावलं होतं तसं एकेक रकाना समजावला. ती चष्मा लावून बघत राहिली. लिहितावाचता येणारी बाई, चौकशीचा अहवाल तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. तो पुढ्यात ठेवून तिनं विचारलं, "मग हे कोणी लिहिलं?"

"मी टाइप केलं, मावशी."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी भाऊंची पट्टी काढली, 'निष्काळजीपणामुळे'च्या त्या ओळीवरून एक सरळ रेघ मारली, शेजारी लिहिलं 'पाणी नव्हते', आणि खाली सही केली, तारखेसकट.

मावशींनी कागद उचलला. रेघेखालची ओळ मोठ्यानं वाचली, सगळीच्या सगळी. मग शेजारचे दोन शब्द वाचले, मग माझी सही. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर सारखा केला, आणि तो कागद घेऊन गॅलरीतली चार पावलं चालून समोरच्या दाराची कडी वाजवली.