मेघाताईने उचललेला चेंडू

हडपसरच्या शाळेत एखाद्या मुलीच्या पायावर दुखण्याचा स्प्रे मारला, की त्या थंड वासासरशी मी परदेशातल्या त्या मोठ्या क्रीडास्पर्धेत पोचते. सेपक टकरा, म्हणजे हात न लावता पायाने, डोक्याने खेळायचा व्हॉलीबॉल. कांस्यपदकाला एकच गुण कमी होता आणि माझा घोटा सुजून टम्म झाला होता.

"ताई, मला नको देऊस चेंडू," मी कर्णधार मेघाताईला म्हणाले.

"तुलाच देणार!"

तिने डोक्याने चेंडू अलगद जाळीपाशी उचलला. मी उडाले, हवेतच कोलांटी घेत पाय फिरवला. चेंडू पलीकडे आदळला आणि आमच्या बाकावरून आरोळी उठली. पदक आमचं!

मीच जिंकून दिलं, असं तेव्हा वाटलं होतं. आता मी प्रशिक्षक आहे. दुखऱ्या पायाच्या मुलीला शेवटचा चेंडू द्यायची माझी अजून छाती झालेली नाही.