काड्यापेटी कारखान्याची एकची नोट

आमच्या मंडळात नोटा कमी आणि किस्से जास्त. नोटेसाठी खिसा रिकामा करावा लागतो, किस्से फुकटात साठतात. त्यांना प्लास्टिकचं पाकीट लागत नाही, कसर लागत नाही, आणि जितके हाताळावेत तितके ते चांगले होत जातात! नोटांचं नेमकं उलटं.

मंडळ म्हणजे चेन्नईतली आम्ही पाच-सहा मराठी टाळकी. महिन्यातून एका रविवारी तिरुवल्लिकेणीत रावांच्या घरी जमतो. राव तंजावरकडचे मराठी, रेल्वेतून निवृत्त. त्यांच्या मराठीत निम्मं तमिळ आणि उरलेलं आमच्या पणजोबांच्या काळातलं.

लोक शिवराई जमवतात, मोहरा जमवतात. आमच्या मंडळानं निवडलं काय, तर बाल्टिक समुद्राकाठच्या एका चिमुकल्या देशातल्या कारखान्यांच्या नोटा! तो देश स्वतंत्र झाला तेव्हा म्हणे झेंडा तयार होता, राष्ट्रगीत तयार होतं, फक्त सुट्टे पैसे नव्हते. मग कारखान्यांनीच आपापल्या नोटा छापून कामगारांना पगारात दिल्या. नोट कारखान्याच्या दुकानात दाखवायची, पाव घेऊन घरी जायचं. पुढे सरकारी नोटा आल्या आणि ह्या बाद झाल्या. बाद झाल्या म्हणूनच आम्हाला प्यारी!

रावांचा जीव अडकलाय एका काड्यापेटीच्या कारखान्यात. त्या कारखान्याच्या चार नोटा: एक, तीन, पाच आणि दहा. तीन, पाच, दहा रावांकडे आहेत. एकची मिळत नाही, कारण कामगारांनी ती वापरून वापरून तिच्या चिंध्या केल्या. अल्बममध्ये तिची जागा रिकामी आहे, आणि त्या रिकाम्या जागेलाही राव प्लास्टिकचं पाकीट लावतात!

*

मी मंडळात आलो तो आल्या दिवशीच बाहेर जाणार होतो. जन्मभर बँकेत कॅशिअर होतो. रावांनी मोठ्या विश्वासानं तीनची नोट माझ्यापुढे ठेवली आणि चिमटा आणायला आत गेले. नोट दिसली की माझा हात माझं ऐकत नाही. मी बोट जिभेला लावलं, नोट उचलली, सवयीनं दोनदा झटकली आणि उजेडात धरली.

दारात राव उभे!

“अय्यय्यो! थुंकी लावटलांत?”

मी म्हणालो, “खरी आहे हो, घाबरू नका.”

त्यानंतर वर्षभर मला नोटा दाखवल्या जायच्या, पण मी हात मागे बांधल्यावरच.

*

आता कुलकर्णी. हे वेलचेरीला राहतात. संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, त्यामुळे साधी गोष्टही गुपित असल्यासारखी सांगतात. एका रविवारी त्यांनी दार लावून घेतलं, पंखा बंद केला आणि खिशातून पाकीट काढलं. आत एकची नोट! परदेशातल्या कुठल्याशा लिलावात मिळालेली. रावांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं.

“कोपरा दुमडलाय,” राव म्हणाले.

“ती इतिहासाची घडी आहे!” कुलकर्णी म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून दोघांत काडी पेटली. आशियात ही नोट फक्त आपल्याकडे आहे, असं कुलकर्णी सांगत सुटले. आशियात कोणी शोधायला गेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. राव बदल्यात काय काय द्यायला निघाले! दुसऱ्या कारखान्यांच्या नोटा, वडिलांचं खिशातलं घड्याळ, शेवटी बायकोची तंजावरची वीणा. वीणेबद्दल बायकोला विचारलं नव्हतं!

कुलकर्णींनी ऐटीत सांगितलं, “माझ्यामागे तुम्हालाच देईन.”

राव त्यांच्यापेक्षा चांगले दहा वर्षांनी मोठे. क्षणभर विचार करून म्हणाले, “सरि, बरं. पाहतो.”

दुसऱ्या दिवसापासून राव मरीनावर पहाटे फिरायला जाऊ लागले. साखर सोडली, वडे सोडले. डॉक्टरांना जे वीस वर्षांत जमलं नव्हतं ते कुलकर्णींनी एका वाक्यात करून दाखवलं.

*

वेलचेरीत पाणी भरलं तेव्हाची गोष्ट. तिथे पाणी भरणं ही काही बातमी नाही, पण त्या वर्षी ते थेट कुलकर्णींच्या दिवाणखान्यात आलं. कुलकर्णींनी काय वाचवलं? अल्बम. प्रेशर कुकरमध्ये घातला, झाकण लावलं, वर शिट्टीसुद्धा बसवली. कुकर पोटाशी धरून ते बोटीत बसले. कुलकर्णी काकू स्वतःच्या स्वतः चढल्या.

बोटीतच रावांचा फोन आला. काकूंनी उचलला.

“अस्की बरी आहेत ना?” अस्की म्हणजे सगळी. काकूंना अगदी भरून आलं.

“हो हो, आम्ही दोघं बरे आहोत.”

“नव्हे, नोट?”

त्या रात्री मदत शिबिरात स्वयंपाकाला भांडी कमी पडली. कोणीतरी कुलकर्णींकडे कुकर मागितला. कुलकर्णी म्हणाले, “ह्यात शिजतंय!” लोक बिचारे शिट्टीची वाट पाहत बसले.

*

मध्यंतरी रावांनी इंटरनेटवरून एकची नोट मागवली. पाकीट आलं ते टपालाच्या खिडकीत अडकलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “आत काय आहे?”

“नोट.”

“चालते?”

“नाही.”

“मग एवढे पैसे कशाला दिले?”

राव तिथे अर्धा तास त्या देशाचा स्वातंत्र्यलढा सांगत होते. मागची रांग तमिळमध्ये जे बोलत होती ते मी इथे लिहीत नाही. शेवटी पाकीट मिळालं. उघडलं तर आत रंगीत झेरॉक्स!

*

मग कुलकर्णींच्या मुलाला, अनिकेतला, कंपनीनं प्रोजेक्टवर पाठवलं, आणि नेमकं त्याच देशात! राव स्वतः विमानतळावर गेले. पोराच्या हातात कारखान्याचा पत्ता आणि चिमटा दिला. “मिळाली तर बोटानं धरू नको रे पा,” एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, मला फार वाईट वाटलं. ऐंशीला टेकलेला माणूस आणि त्याला हवं काय, तर बसच्या तिकिटाएवढा एक कागद.

अनिकेत परत आल्यावर कुलकर्णींनी मंडळात जाहीर केलं, “कारखाना कधीच पाडला. तिथे आता मॉल आहे.”

राव म्हणाले, “परवाइल्लै.” म्हणजे असू दे. आणि त्या दिवशी त्यांनी वडा मागून खाल्ला.

*

रावांची ऐंशी पूर्ण झाली तेव्हा घरच्यांनी इकडच्या पद्धतीनं शताभिषेकम, म्हणजे आपलं सहस्रचंद्रदर्शन, केला. होम झाला, राव पती-पत्नींच्या डोक्यावर कलशांतलं पाणी घातलं, पुन्हा एकदा मंगळसूत्र बांधलं. केळीच्या पानावर जेवणं झाली. आणि कुलकर्णी उठले.

“राव, आशियातली एकुलती एक नोट. माझ्यामागे कशाला, आजच घ्या!”

कुलकर्णींनी चिमट्यानं नोट काढली आणि स्वतःच्या हातानं त्या रिकाम्या पाकिटात सरकवली. एक, तीन, पाच, दहा! राव ओक्साबोक्शी रडले. त्यांच्या तमिळ व्याह्यांनी, काय चाललंय ते न कळता, कुलकर्णींच्या पायांना हात लावला. कोणीतरी म्हणालं, “ह्याला म्हणतात त्याग!” कुलकर्णींनी मान खाली घातली. त्यागी माणसं घालतात तशीच.

कुलकर्णी काकू पायसमची वाटी घेऊन शेजारीच उभ्या होत्या. त्यांनाही गलबलून आलं.

“अहो राव, रडताय काय असे! अजून हव्यात का? अनिकेतनं गठ्ठा आणलाय. त्या कारखान्याचं म्युझियम केलंय ना, तिथे तळघरात पोतंभर निघाल्या म्हणे, अगदी खऱ्या, कोऱ्या करकरीत. तिकिटाबरोबर एकेक फुकट वाटतात. ऑफिसातल्या पोरांना नको होत्या, त्यांच्याही ह्यानं घेतल्या. ह्यांनी सगळ्या कुकरमध्ये ठेवल्यात!”

कुलकर्णी पंख्याकडे पाहत होते.

रावांनी उपरण्यानं डोळे पुसले. अल्बम जवळ ओढला, भिंग लावलं, आणि शांतपणे नोट पाकिटातून बाहेर काढून कुलकर्णींच्या पानाशेजारी ठेवली.

“मग हे कशाला दिल्हं मला? हेचा कोपरा दुमडलाय!”