निळ्या ड्रममधलं पाणी

“प्रिकॉशियस प्युबर्टी,” इंदूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे मुलगी वेळेआधी वयात येणं. माझी मनू सात वर्षांची, दुसरीत. तिच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढला. त्यावरून हाडांचं वय कळतं, बोन एज म्हणतात. ते अकरा निघालं.

आदल्या आठवड्यात चड्डीवर रक्ताचा डाग दिसला तेव्हा वाटलं, खेळताना कुठे पडली असेल. मी तिलाच रागावले. ते अजून सलतं.

मेंदूत गाठ नाही ना, म्हणून एमआरआय झाला. रिपोर्ट दोन दिवसांनी आला. गाठ नव्हती. मग हे झालं कशानं?

“पीने का पानी किसमें रखते हैं?” बाईंनी विचारलं.

आमच्या देवासला तेव्हा नळ चार दिवसांआड यायचा. ह्यांनी फॅक्टरीतून रसायनाचे रिकामे निळे ड्रम आणले होते, आमच्यासाठी आणि गल्लीतल्या पाच घरांसाठी. “भिया, तुमने तो तार दिया,” लोक ह्यांचे उपकार मानत म्हणायचे. आमचा मी सोड्यानं तीनदा घासला. वास गेला म्हणजे सगळं गेलं, एवढीच माझी अक्कल.

बाई म्हणाल्या, “काही रसायनं शरीरात हार्मोनची नक्कल करतात. एंडोक्राइन डिसरप्टर. ड्रममुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण ते पाणी बंद करा.”

ड्रममधल्या पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत गेले. क्षार ठीक, जंतू नाहीत. शेरा: पीने योग्य. मी विचारलं, आणि ड्रममधलं रसायन? तिथले साहेब म्हणाले, “यादीत आहे तेच तपासतो, मॅडम. याची मर्यादाच ठरलेली नाही.”

“मग ठरवणार कोण?”

त्यांनी चहा मागवला.

ह्यांनी घरोघरी हात जोडले, ड्रम फेका म्हणून. पण का, ते सांगितलं नाही. पोरीची लाज वाटली आम्हाला. कुणी फेकला नाही.

मनूला दर अठ्ठावीस दिवसांनी इंजेक्शन सुरू झालं. वयात येण्याचा मेंदूचा निरोप थांबवणारं. पाळी थांबली. त्या बाईंचे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्याकडे असं झालं तर पोरीला रागावू नका आणि आमच्यासारखं लपवूही नका.

नवरात्रात अष्टमीला शेजारच्या काकूंनी मनूला कुमारिका म्हणून बोलावलं. पाळी न आलेल्या मुलींचाच तो मान. मी ते लपवून तिला घेऊन गेले. पाटांवर पाच मुली. काकूंनी निळ्या ड्रममधून पाणी काढून पाय धुतले, मग पेले भरले. शेजारच्या पाटावर त्यांची नात चिंगी, पाच वर्षांची. तिनं पेला तोंडाला लावला.

मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि सगळ्या बायकांसमोर मनूचं आणि ड्रमचं सांगून टाकलं.

काकूंनी आधी मनूला पाटावरून उठवलं. मग अंगणात जाऊन ड्रम उपडा केला.