दुसऱ्या रांगेतला माझा बाक

आमच्या मासळीबाजारात जागा म्हणजे जागा. सासूबाई बसायच्या तिथे त्यांच्यामागून मी बसले, आता सून बसते. दुसरीने चुकून तिथे टोपली टेकवली तर अख्खा बाजार तिच्यावर ओरडेल. हे आधीच सांगते, नाहीतर कॉलेजात माझं काय झालं ते तुम्हाला कळायचं नाही.

वाचायला मी मासे गुंडाळायच्या जुन्या पेपरांवरून शिकले. मग घरी बसूनच दहावी केली, बारावी केली. गुडघ्यांनी बाजार सोडवला, तेव्हा मालाडच्या एका कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. मनोरीहून फेरीबोट, मार्व्याहून बस.

पहिल्या दिवशी वर्गात पाय ठेवला तर सगळी पोरं उभी! "गुड मॉर्निंग, मॅम."

"बसा रे, मी पण तुमच्यातलीच."

हसली सगळी, मीही हसले. तेवढंच काय ते हसणं.

दुसऱ्या रांगेत खिडकीजवळ बसले. दुसऱ्या दिवशी बघते तर तिथे एक कुरळ्या केसांची पोरगी, शेजारी तिची मैत्रीण. माझ्या तोंडून बाजारातलाच आवाज निघाला, "ए, ही माझी जागा. ऊठ."

"सॉरी, आजी," म्हणत दोघी बॅगा उचलून मागे गेल्या.

त्यानंतर माझ्या बाकावर कुणी बसलंच नाही. पुढच्या बाकावर तिघांच्या जागेत चौघं कोंबून बसायची, आणि मी एकटी. प्रोजेक्टसाठी गट केले, त्यातही मीच उरले. सर म्हणाले, "तुम्ही एकट्याच करा, चालेल." चालेल म्हणे!

मला वाटलं, वास येत असेल. जन्म मासळीत गेला ना. मग मी निघताना चंदनाची पावडर लावू लागले, डब्यातला सुका जवळा बंद करून बटाट्याची भाजी नेऊ लागले. मधल्या सुट्टीत खिडकीकडे तोंड करून ती भाजी खायची.

सून म्हणायची, "कशाला जाताय आई? बाजारात बायका तुमची वाट बघतात."

"हे सेमिस्टर संपू दे गं. तोवर एक जरी जण शेजारी बसलं, तर पुढे जाईन. नाहीतर सोडीन."

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात ओहोटीमुळे फेरी अडकली, मला उशीर झाला. सर अजून आले नव्हते. वर्ग गच्च भरलेला, तीनचार जण भिंतीला टेकून उभे, आणि माझा बाक रिकामा. ती कुरळ्या केसांचीही उभीच.

"अगं, बसायचंस ना तिथे."

"तुमची जागा आहे ना, आजी."

"म्हणून काय झालं?"

"तुम्हीच बोललात ना! काय घाबरले होते मी. आता कोणी तिथे जायला लागलं की आम्हीच सांगतो, नको रे, आजी वाट लावतील."

सगळा वर्ग हसला. मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, "म्हणजे माझा वास नाही येत?"

"येतो ना. चंदनाचा. जाम येतो!"

बाजारात शेजारणी जागा राखतात, तशी ही पोरं माझी जागा राखत होती. आणि मी घरी जाऊन रडत होते.

"बस गं," म्हटलं. बसली बिचारी, अगदी कडेला, बॅग मांडीवर घेऊन. तास संपताच मैत्रिणींकडे पळाली. परीक्षेत तिचा नंबर दुसऱ्याच खोलीत आला. पण सुनेला शब्द दिला होता ना, एक जण बसलं तर पुढे. ती बसली होती.

आता दुसरं सेमिस्टर चालू आहे. माझ्या बाकावर अजूनही फारसं कुणी येत नाही. पोरांची सवय मोडायला वेळ लागेल, माझी तरी कुठे लवकर मोडली? डब्यात जवळा परत नेते. पुष्कळदा एकटीच खाते. पण खिडकीकडे तोंड करत नाही, आणि बॅग बाकावर ठेवत नाही, मांडीवर घेते.