पाणघोड्यासाठी रात्र

गेल्या गणपतीत, चौथ्या दिवशी संध्याकाळी, नागपुरातल्या आमच्या कॉलनीच्या वेशभूषा स्पर्धेत माझी सहा वर्षांची मुलगी पाणघोडा होऊन मंचावर गेली आणि टबातून बाहेर येईना.

त्याच्या आदल्या वर्षी ती परी झाली होती. माइक समोर आला तशी रडत खाली उतरली. या वेळी प्राणी तिनेच निवडला. कारण विचारलं तर म्हणाली, "त्याचे फक्त कान दिसतात."

सासूबाईंनी जुन्या करड्या चादरीचा पोशाख शिवला. माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. ती मी दोन ठिकाणी पडताळून घेतली. पाणघोडा दिवसाचा बहुतेक वेळ पाण्यात काढतो, कारण उन्हात त्याची कातडी लवकर सुकते. अंधार पडला की बाहेर येतो, नेहमीच्या वाटेने कुरणात जातो, रुंद ओठांनी गवत खुडतो आणि उजाडायच्या आत पाण्यात परततो. टबात बसून पुठ्ठ्याची कमळं खायची, अशी सासूबाईंची योजना होती. मी ती रद्द केली.

"जावईबापू, पाणघोडा कव्हा जेवते हे पाहायले कोण येऊन राहिलं?" त्या म्हणाल्या. "पोरगी चार शब्द बोलली तरी जिंकलो आपण."

तरी गवत म्हणून सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, ताजी जुडी त्यांनीच आणली.

मंचावर टब ठेवला होता. पाण्याऐवजी त्यात निळी ओढणी होती. जुडी थोडी पुढे, उभ्या माइकखाली. निवेदिकेने दोनदा नाव पुकारलं. ओढणीतून वर आलेले कान हलले. लोक हसले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. निवेदिका पुढच्या स्पर्धकाचं नाव शोधू लागली.

मंडपाची लाइट सांभाळणारा माणूस मंचाच्या कडेला बसला होता. तो उठून टबाशी वाकला.

"काहून बाहेर येऊन नाही राहिली वं?"

"दिवस आहे अजून."

त्याने डोक्यावरच्या हॅलोजनकडे पाहिलं. "असं होय. मंग सांगाचं नं. करतो रात्र."

मंडप अंधारला. गणपतीसमोरची समई तेवढी राहिली. टब सरकल्याचा आवाज झाला. मग माइकमधून पानं चावण्याचा आवाज येऊ लागला. तो बराच वेळ चालला.

"मी पाणघोडा आहे," माइकमधून ऐकू आलं. "मी रात्री गवत खातो. झालं माझं. आता मी पाण्यात जातो."

टाळ्या आधी आमच्या रांगेतून आल्या. त्या सासूबाईंच्या होत्या. मग सगळ्या मंडपातून.

दिवे लागले तेव्हा टबाच्या काठावर दोन कान होते. माइकखाली जुडीचा दोरा पडलेला होता.