ठरवलं कोणी?

बाई आधी चष्मा कपाळावर ढकलायच्या. मग एक बोट वर धरायच्या आणि अगदी हळू आवाजात विचारायच्या, "ठरवलं कोणी?"

डॉक्टर आज नऊऐवजी अकराला येणार, असं कोणी सांगितलं की हे. बस आता बाजारावरून जाणार नाही म्हटलं की हे. एकदा आमच्या शेजारणीने मुलीचं लग्न ठरल्याचे पेढे आणले, तर पेढा तोंडात टाकण्याआधी बाईंनी तिलाही तेच विचारलं. शेजारीण दोन आठवडे बोलत नव्हती. सुरुवातीला मला वाटायचं, या बाईला भांडण उकरून काढायची खोडच आहे. असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल, तेव्हा मी काय म्हणते ते तुम्हाला कळेल.

अश्दोदच्या कुपात खोलीममध्ये, म्हणजे आमच्या वस्तीच्या दवाखान्यात, बाई खिडकीत बसून औषधांच्या चिठ्ठ्यांवर शिक्के मारायच्या. सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर लागले. पुण्यात बाई कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होत्या. इथे आल्या तेव्हा पन्नाशी जवळ आली होती आणि हिब्रू होती ती प्रार्थनेच्या पुस्तकापुरती. शिकवायचं राहिलं, शिक्के हातात आले. त्याचं दुःख त्यांना नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण त्या म्हणायच्या, "पुण्यात थिअरी केली, इथे प्रॅक्टिकल."

प्रॅक्टिकल म्हणजे दवाखान्यातली रांग. आमच्याकडे रांग लावत नाहीत. नवा माणूस आत येतो, मोठ्याने विचारतो, "शेवटचं कोण?" कोणीतरी हात वर करतो, आणि नवा माणूस त्याच्यामागचा होऊन खुशाल कोपऱ्यात पेपर वाचत बसतो. मला यात बघण्यासारखं कधी काही वाटलं नाही. बाई मात्र पहिल्या दिवसापासून यावर लट्टू होत्या.

"बघ, दोरी नाही, पोलीस नाही, नंबर नाही. तरी तीस माणसांना आपला नंबर ठाऊक आहे. आणि एखादा मध्ये घुसला की तिसांचे तीस ओरडतात. अगं, सरकार यायच्या आधी कायदा कसा आला असेल, ते पुण्यात मी मुलांना वर्षभर समजावायचे. इथे रोज सकाळी आठला दिसतं!"

मी म्हटलं, "बाई, शिक्का उलटा मारलात."

शनिवारी दुपारी बाईंचा वर्ग भरायचा. वस्तीच्या मोआदोनमध्ये, म्हणजे लोकांनी जमायच्या खोलीत, जेवणं उरकून पुरुष आडवे झाले की चौदा बायका जमायच्या. कोणी पनवेलची, कोणी ठाण्याची, कोणी थेट रेवदंड्याची. शनिवार म्हणजे शब्बाथ. लिहायचं नाही. खडू नाही, फळा नाही, वही नाही. बाई स्वतः फारशा कडक नव्हत्या, पण बायका होत्या.

"काही बिघडत नाही," बाई म्हणाल्या. "भारताची घटना माझ्या ट्रंकेत आहे, हे एवढं पुस्तक. इथे घटना अशी एका पुस्तकात लिहिलेलीच नाही. तरी देश चालतोय ना? मग आपला वर्गही तोंडीच चालेल."

त्या वर्गात मी सगळ्यांत लहान. बाकी बहुतेक जणी सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या, पोर्टातल्या नाहीतर कारखान्यातल्या नोकऱ्या आणि घर सांभाळणाऱ्या. बाईंनी त्यांना एकही अवघड शब्द सांगितला नाही. तीनच प्रश्न द्यायच्या. ठरवलं कोणी? त्याला ठरवू दिलं कोणी? आणि नाही पटलं तर जायचं कुठे? हे तीन प्रश्न घेऊन बायका आठवडाभर हिंडायच्या आणि शनिवारी भरल्या ओच्याने परत यायच्या. शाळेचा डबा, इमारतीचा जिना, मशिदीतल्या बायकांच्या बाजूचा बंद पंखा. मशीद म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर. आमची जुनी माणसं कोकणातून हाच शब्द घेऊन आली.

मग एकदा सहलीचा प्रश्न निघाला. हैफाला आमचे प्रेषित एलियाहू हन्नाबी यांच्या गुहेशी जाऊन मलिद्याचा प्रसाद करायचा, की तिबेरियाच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायचं? बाई म्हणाल्या, मतदान घेऊ. पण चिठ्ठी लिहायची कशी? त्या रात्री कोणाच्या तरी नवसाच्या मलिद्यासाठी आणलेले खजूर होते. बाईंनी पडद्यामागे दोन पातेली ठेवली, उजवं हैफाचं, डावं तिबेरियाचं. प्रत्येकीने एक खजूर खायचा, पडद्यामागे जायचं आणि बी पाहिजे त्या पातेल्यात टाकायची.

बिया मोजल्या. बायका चौदा, बिया एकोणीस.

सगळ्यांच्या माना खजुरांच्या ताटाशी बसलेल्या लेआमावशीकडे वळल्या. मावशी तोंड पुसत होती.

"सहाच तर खाल्ले," ती म्हणाली. "आणि तीन-तीन टाकल्या गं दोन्हीकडे. कुणाला वाईट वाटायला नको."

हसून हसून आमची पोटं दुखली. बाईसुद्धा डोळे पुसत होत्या. पण हसणं ओसरल्यावर त्यांनी दोन्ही पातेली कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली. "मतदान रद्द. एका माणसाला एक बी. मग ती मावशी असो नाहीतर पंतप्रधान." पुढच्या शनिवारी बाई दाराशी उभ्या राहिल्या आणि एकेकीचं नाव तोंडाने घेऊन तिच्या हातावर एकच खजूर ठेवला. मतदारयादी म्हणजे काय, हे आम्हाला कोणालाच पुन्हा समजवावं लागलं नाही. आम्ही हैफाला गेलो.

त्याच वर्षी मी विद्यापीठाचा अर्ज आणला. विषयाची जागा कोरी होती, आणि मला तिथे राज्यशास्त्र लिहायचं होतं. बाबांना तिथे नर्सिंग हवं होतं. बाबा पोर्टात क्रेनवर होते. माणूस प्रेमळ, पण एकदा नाही म्हटलं की नाही. आणि त्यांचं मन मोडून घरातून निघायची माझी छाती नव्हती. अर्ज रविवारी, म्हणजे इथला आठवडा सुरू होतो त्या सकाळी, टपालात पडायला हवा होता. शनिवारी दुपारी, वर्ग सोडून, बाई आमच्या घरी आल्या.

"बाई, तुम्ही एज्युकेटेड," बाबा म्हणाले. "तुमचा रिस्पेक्ट हाय. पण पॉलिटिक्स शिकून पोरीला काय इलेक्शनला उभी करायची? नर्स झाली तर पर्मनंट होईल. पॉलिटिक्स गटार हाय गटार."

"दुखणं आणि डॉक्टरकी एकच का हो?" बाई म्हणाल्या. मग चष्मा वर गेला. मला वाटलं, आता वाजणार. पण त्यांनी भलतंच विचारलं. "तुम्ही अश्दोदला कसे आलात?"

बाबांना ही गोष्ट सांगायला नेहमीच आवडायची. विमानातून उतरलो. माझा मेव्हणा रामल्याला. त्याच्या शेजारची खोली बघून ठेवलेली, त्याच्या बायकोने आमच्यासाठी मटण शिजवलेलं. विमानतळाबाहेर एक माणूस यादी घेऊन उभा. त्याने आमचं नाव वाचलं, बसमध्ये बसवलं. बस थांबली ती वाळूत. समोर नवी इमारत, हातात किल्ली. "विचारलं तर म्हणे, अश्दोद. मटण रामल्यात ऱ्हायलं, आम्ही हितं."

"ठरवलं कोणी?"

"त्या यादीवाल्यानं."

"त्याला यादी दिली कोणी?"

"आफिसनं दिली असंल."

"ऑफिसला कोणी सांगितलं, की यांना रामल्याला नाही, अश्दोदला पाठवा?"

ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती. दर वेळी ती मटणावर संपायची आणि आम्ही हसायचो. त्या दिवशी कोणी हसलं नाही. आईचा हात बशा मांडता मांडता थांबला.

"तसं आता अश्दोदच बरं वाटतं," बाबा म्हणाले. "पण विचाराया पायजे होतं. तवा कळंना, कुणाला विचारायचं."

"ते ज्यात शिकवतात ना, तेच हिला शिकायचंय," बाई म्हणाल्या.

बाबांनी अर्ज आपल्याकडे ओढला. मग म्हणाले, "मग तुमीच सांगा बाई, हिनं काय लिव्हायचं?"

बाई खळखळून हसल्या. "वा! आता मला यादीवाली करता होय?"

लिहायचं तर कसं, शब्बाथ सुटायचा होता. आम्ही चौघं गॅलरीत बसून राहिलो. समुद्राकडचं आकाश हळूहळू काळवंडलं. आईने तिसरी चांदणी दाखवली. बाबांनी द्राक्षरसाचा पेला धरून शब्बाथ सुटल्याची प्रार्थना म्हटली, आत जाऊन कामाच्या शर्टातलं पेन आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"तुला पायजे ते लिव्ह."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. बाबांनी विचारलं, "नर्सिंग नाय ना?" मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाले आणि कप विसळायला गेले. मी जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा बाई थांबल्या. बोट वर. मला कळलं काय विचारणार ते. "मी," मी आधीच सांगून टाकलं, आणि मग मला रडू आलं.

विद्यापीठात पहिले काही महिने हिब्रूतल्या जाड शब्दांनी जीव काढला. पण प्रत्येक शब्दामागे मला ओळखीचं कोणीतरी सापडायचं. अधिकार म्हटलं की यादीवाला. संकेत म्हटलं की "शेवटचं कोण?" असं विचारणारा म्हातारा. बाईंनी शिकवलेल्याची माझ्याकडे एक ओळ लिहिलेली नव्हती, आणि मी काही विसरले नव्हते. आज मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, हिब्रूत. जे बाईंना करायला मिळालं नाही, ते मी करते. हे मनातून कधी जात नाही.

निवृत्त झाल्यावर बाई दम्यामुळे अरादला लेकीकडे गेल्या. तिथली हवा कोरडी. शनिवारचा वर्ग मागे बायकांनीच चालू ठेवला. मग एका हिवाळ्यात लेकीचा फोन आला.

सात दिवसांचं सुतक संपल्यावरच्या शनिवारी मी मोआदोनमध्ये गेले. आता अकरा जणी उरल्या होत्या. वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हा प्रश्न होता. पडद्यामागे दोन पातेली ठेवली. दाराशी मी उभी राहिले आणि एकेकीचं नाव घेऊन एकेक खजूर दिला.

'बंद'चं पातेलं रिकामं होतं. 'चालू'मध्ये बिया होत्या बारा.

माझी मान आपोआप लेआमावशीकडे वळली. ती आता ऐंशीची होती.

"एक माझी," ती म्हणाली. "एक बाईंची. खजूर घरनं आणलावता."

"मावशी, गेलेल्या माणसाचं मत धरत नाहीत," मी म्हटलं.

मावशीने चष्मा कपाळावर ढकलला, बोट वर धरलं.

"ठरवलं कुणी?"

मी खोलीकडे पाहिलं. अकरा हात वर होते. मी बारा बिया पुन्हा पातेल्यात टाकल्या आणि वर्ग सुरू झाला.